भिंत पहाटेपर्यंत कोमट राहते

पत्र: "ताई, माझे वय ६९. नाशिकजवळच्या गिरणारे गावापाशी मळ्यातल्या जुन्या दगडी घरात मी एकटी राहते. यजमानांना जाऊन तीन वर्षे झाली. त्याआधी सहा वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. धडधाकट असताना त्यांनी माजघरात धुराडे असलेली लोखंडी बंद शेगडी बसवून घेतली होती. थंडीत संध्याकाळी मी तिच्यात बाभळीची लाकडे घालते आणि शेजारी बसून राहते. मागची दगडी भिंत पहाटेपर्यंत कोमट राहते. जाग आली की उठून तिला हात लावून बघते. मुलगा नाशकात इंदिरानगरला असतो. तो म्हणतो, हिवाळाभर आमच्याकडे ये, हा धूर आणि लाकूडफाटा पुरे झाला. त्याने विजेचा हीटरही आणून ठेवला आहे. मला जावेसे वाटत नाही. इतके समाधान मला पूर्वी कधी लाभले नव्हते, आणि यजमान गेल्यावर ते लाभावे याची लाजही वाटते. (ऊब टिकावी म्हणून निजताना धुराड्याची झडप लावून घेते. दोन-तीनदा सकाळी डोके जड झाले होते, ते वयामुळे असेल.) माझे काही चुकते आहे का?"

उत्तर: सप्रेम नमस्कार.

तुमच्या समाधानाविषयी लिहिण्याआधी मला तुम्ही कंसात टाकलेल्या वाक्याकडे यावे लागेल, कारण संपूर्ण पत्रात मला भीती वाटली ती तिथेच. ते डोके वयामुळे जड झाले असे कृपया धरून चालू नका. जाळ विझून निखारे उरतात तेव्हा धूर दिसत नाही, म्हणून आता झडप लावायला हरकत नाही असे वाटते; परंतु नेमक्या त्याच वेळी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडत असतो, आणि वरची वाट बंद झाली की तो खोलीत उतरतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने खोकलाही येत नाही; तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस झोपेतच गुंगीत जातो. डोके जड होणे, मळमळणे, उठल्यावर भोवळ येणे आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटणे ही त्याची लक्षणे आहेत. शेगडी पेटवून दारे-खिडक्या लावून निजलेल्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्या याच वायूच्या.

म्हणून आजपासून निखारे पूर्ण विझेपर्यंत झडप लावायची नाही, आणि शेगडी चालू असताना एक खिडकी चार बोटे उघडी ठेवायची. धुराडे माणूस लावून आतून खरवडून घ्यावे, कारण ओल्या लाकडाच्या धुराचा डांबरासारखा थर आत बसतो, त्याने वाट अरुंद होते आणि एखाद्या दिवशी तो थरच पेट घेतो. हे काम होईपर्यंत शेगडी पेटवू नका. या वायूची सूचना देणारे छोटे यंत्र विकत मिळते. मुलाला हीटरऐवजी ते आणायला सांगितले असते तर बरे झाले असते, अजूनही सांगता येईल. पुन्हा कधी डोके जड झाले तर आधी अंगणात या, फोन नंतर करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

लाकडाचे काम तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळत असेल, तरीही एक लिहिते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणीच असू शकते, आणि असे लाकूड जाळले की बरीचशी उष्णता ते पाणी उकळण्यातच खर्ची पडते; घर गार राहते आणि धूर मात्र होतो. फाल्गुनात फोडून ठेवलेले सरपण आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यात चांगले वाळते, फक्त मृगाच्या आधी ते छपराखाली गेले पाहिजे. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा आणि कापल्या टोकांना चिरा दिसाव्यात. रंग दिलेले लाकूड आणि प्लायवूड शेगडीत कधीही घालू नये. फोडायला मात्र गडी लावा. कुऱ्हाड आता तुमच्या हातात नको, रचण्याचे काम ठेवा. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत घराबाहेर ठेवावी, कारण तिच्यात विस्तव दुसऱ्या दिवशीही जिवंत सापडतो.

आता लाजेविषयी. सहा वर्षे तुम्ही रात्री किती वेळा उठला असाल, कूस बदलून दिली असेल, औषधाच्या वेळा सांभाळल्या असतील, हे तुम्ही एका शब्दाने लिहिलेले नाही. ज्या बाईने दोन हजारांहून अधिक रात्री कान जागे ठेवून काढल्या, तिला नंतर शांतता गोड लागणे ही यजमानांशी प्रतारणा नव्हे. तुम्ही त्यांच्या जाण्याने सुखावलेल्या नाही. तुम्ही दमल्या होतात आणि आता विसावला आहात. शिवाय ज्या शेगडीपाशी हा विसावा मिळतो ती त्यांनीच बसवलेली आहे. पहाटे त्या भिंतीवर हात ठेवता तेव्हा तुम्ही त्यांना विसरलेल्या असता, असे मला मुळीच वाटत नाही.

मुलाच्या बोलण्यात दोन काळज्या एकत्र झाल्या आहेत. धुराची काळजी योग्य आहे, आणि त्याला डोके जड झाल्याचे तुम्ही सांगितलेले नसावे; ते सांगा. लपवून टिकवलेले स्वातंत्र्य एका अपघाताने कायमचे जाते. आई एकटी पडली ही दुसरी काळजी मात्र फोनवर कितीही समजावले तरी जाणार नाही, ती त्याने डोळ्यांनी पाहूनच जाईल. निफाडचा पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या येतात आणि बागाईतदार द्राक्षे वाचवायला रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, त्या दिवसांत त्याला, सुनेला आणि नातवंडे असतील तर त्यांनाही दोन रात्री मुक्कामाला बोलवा. भोगीचा दिवस त्याला उत्तम. बाजरीची भाकरी, वांग्या-वालाची भाजी आणि तीळ घरात असतीलच. शेगडी त्यालाच पेटवू द्या, सरपण कसे रचायचे ते शिकवा, आणि झडप का उघडी ठेवायची तेही त्याच्याच तोंडून वदवून घ्या.

हीटर परत करू नका. पावसाळी गारठ्यात सरपण ओले असेल, तुम्हाला ताप असेल, पाठ धरली असेल, त्या दिवशी तो लावा. पांघरूण आणि पडदा त्याच्यापासून निदान दोन हात लांब असू द्या. आणि थंडीतला एखादा आठवडा इंदिरानगरला राहून या, पण पाहुणी म्हणून, घर कायमचे बंद करून नव्हे. जाण्याआधी छपराखालचे सरपण झाकले आहे ना, एवढे बघा.

तुमची,
ताई