डोसाइतकंच घड्याळही बघ

कोल्हापूर

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. रक्त घ्यायचं, हॉस्पिटलातल्या लिनॅकवर, म्हणजे कर्करोगावर किरण देणाऱ्या यंत्रावर, किरण द्यायचे, शिवाजी विद्यापीठात आणून लिंफोसाइटमधले, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींमधले, गॅमा-एचटूएएक्सचे ठिपके, म्हणजे डीएनए तुटल्याच्या खुणा, मोजायचे. बरा आहे. पण चार डोस लिहिलेस आणि वेळ एकच, तेवढं खटकलं.

एक ग्रे (किरणांच्या डोसाचं एकक) क्ष-किरणांनी एका पेशीत डीएनएच्या एकेरी धाग्याला हजारभर तडे जातात. त्यांचं फारसं काही नाही. समोरचा धागा शाबूत असतो, त्यावरून पेशी दुरुस्ती करून घेते. दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटतात अशा जागा ३०-४०. खरा धोका तिथं, आणि त्यातल्याही बहुतेक सांधल्या जातात. पेशी मरते ती उरल्यासुरल्या तुटीमुळं किंवा भलत्याच टोकांची गाठ पडल्यामुळं. दोन वेगळ्या गुणसूत्रांची टोकं जुळली, तर दोन सेंट्रोमिअर (विभाजनात गुणसूत्र जिथं धरून ओढलं जातं ती जागा) असलेलं गुणसूत्र होतं आणि विभाजनात त्याची दोन्हीकडून ओढाताण होते.

म्हणून किती तुटलं याबरोबर किती उरलं तेही मोज. तूट झाल्यावर काही मिनिटांत एटीएम हे एन्झाइम जागं होतं, आजूबाजूच्या एचटूएएक्स या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं (तेच तुझे ठिपके) आणि पी५३ या प्रथिनामार्फत विभाजनही थोपवतं. ठिपके अर्ध्याएक तासात सर्वांत जास्त दिसतात, मग ओसरतात. ३० मिनिटांचा नमुना हवाच, पण २४ तासांचा त्याहून बोलका.

आता रस्त्याचं. किरण दिल्यावर नळी तशीच पिशवीत टाकून निघालीस आणि कावळा नाक्यावर अडकलीस, तर दुरुस्ती तुझ्यासाठी थांबणार नाही. नळी लगेच बर्फात ठेव. थंडीत दुरुस्ती जवळपास थांबते. लॅबमध्ये ३७ अंशांवर आणलंस की तिथून वेळ मोजायला लाग. किरण न दिलेली नळीही त्याच बर्फात, त्याच गाडीतून आली पाहिजे. हे सगळे विसरतात.

आराखड्यात आरएडी५१, म्हणजे दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्ती करणारं प्रथिन, सुद्धा बघायचं म्हणतेस. कशाला? ताज्या रक्तातले लिंफोसाइट विसावलेले असतात. डीएनएची दुसरी प्रत झालेलीच नसते, मग तिच्यावर बघून दुरुस्ती कशी होणार? तिथं केयू प्रथिनं टोकं पकडतात, लायगेज-४ हे एन्झाइम ती सांधतं. घाईचं काम, कधी डीएनएची दोन-चार अक्षरं गळतातही. आरएडी५१ बघायचं असेल तर विभागणाऱ्या पेशी घे. नाहीतर तो भाग सरळ काढून टाक.

लिनॅकवर जाशील तेव्हा बाहेरच्या बाकांवरही जरा बस. कागल, गडहिंग्लजची माणसं किरणोपचारासाठी रोज एसटीनं येतात आणि विचारतात, सगळा डोस एकदाच का देत नाही? एल्काइंड आणि सटन या संशोधकांनी १९५९ मध्ये हॅमस्टरच्या पेशींवर दाखवलं, की तेवढाच डोस दोन भागांत विभागून काही तासांच्या अंतरानं दिला तर जास्त पेशी जगतात. बऱ्याच उपचारांत रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस देतात, त्यामागं निरोगी पेशींना मिळणारी ही सवड आहे. कर्करोगाच्या गाठीतल्या पेशीही दुरुस्ती करतात, पण बहुतेकदा त्यांना या सवडीचा तेवढा फायदा होत नाही. तुझ्या २४ तासांच्या नमुन्याला तिथं अर्थ आहे.

स्लाइडवर डोस लिहू नकोस, नुसते क्रमांक टाक, आणि मोजायला दुसऱ्या कुणाला तरी बसव, म्हणजे मोजणाऱ्याला डोस कळायचा नाही. मशीन सकाळी पेशंट सुरू व्हायच्या आधी मागून घे. फिजिसिस्टांना आदल्या दिवशीच फोन कर.