कॉपी कोण तपासणार, ते आधी विचारा

प्रश्न : मी बार्शी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला पत्रकार व्हायचंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईच्या एका वृत्तवाहिनीत दोन महिन्यांची बिनपगारी इंटर्नशिप मिळतेय. राहण्या-जेवणाचा खर्च आमचा. इथलं एक साप्ताहिकही तिला घेतंय, पण दरमहा ठरावीक जाहिराती आणा म्हणतं. काय करावं? की सरळ बी.एड. करायला सांगू?

नमस्कार गुरुजी,

बी.एड.चं वाक्य शेवटी आलं असलं, तरी मनात तेच आधी आलं असणार. त्याकडे नंतर वळतो.

साप्ताहिकाला नाही म्हणा. जाहिराती आणणं कमीपणाचं नाही, पेपर त्यांच्यावरच चालतो. पण ज्या पुढाऱ्याकडून सकाळी वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात घेतली, त्यालाच संध्याकाळी रखडलेल्या रस्त्याबद्दल कोणत्या तोंडानं विचारायचं? तालुक्याच्या कितीतरी वार्ताहरांची यातच कोंडी होते. पैसे भरून ‘प्रेस’चं ओळखपत्र देणारेही भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा.

मुंबईचं मात्र अवघड आहे, कारण लेकीचं मन तिथं अडकलंय. वाहिनीत नवख्या इंटर्नकडे बहुधा बाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर टिपलेलं कुणाचं बोलणं, ऐकून उतरवणं, पडद्याच्या तळाच्या पट्टीचा मजकूर टाइप करणं, चर्चेच्या पाहुण्यांना फोन लावणं अशी कामं येतात. त्यातूनही शिकता येतं, पण शेजारी सांगणारं कुणी असेल तरच. मी स्वतः बाविसाव्या वर्षी एका दैनिकात सहा आठवडे उमेदवारी केली. पाच आठवडे प्रेसनोटा छोट्या करत होतो. छापून यायचं, पण मी काय चुकवलं ते कुणी सांगायचं नाही. सहाव्या आठवड्यात एका वयस्कर उपसंपादकानं माझी अपघाताची बारा ओळींची बातमी समोर धरली आणि विचारलं, “जखमी कुठं आहेत? रुग्णालयात फोन केलास?” केला नव्हता. त्या पंधरा मिनिटांत मी जे शिकलो, ते आधीच्या पाच आठवड्यांत शिकलो नव्हतो.

म्हणून तिला त्या वाहिनीत फोन करून एवढंच विचारायला सांगा : माझी कॉपी, म्हणजे मी लिहिलेला मजकूर, रोज कोण तपासणार? त्या माणसाचं नाव आणि हुद्दा सांगता आला, तर विचार करा. “इथं आल्यावर बघू” असं उत्तर आलं, तर दोन महिन्यांचं मुंबईचं भाडं वाचलं म्हणा.

माझं मत विचाराल तर ही सुट्टी सोलापुरात घालवावी. ‘सकाळ’, ‘लोकमत’, ‘पुढारी’ यांच्या सोलापूर आवृत्त्या आहेत. जिल्हा डेस्कवर, म्हणजे जिल्ह्याच्या बातम्या संपादित होतात त्या टेबलावर, तालुक्यांतून अर्धवट, कधी तारीखही नसलेल्या बातम्या येऊन पडतात. त्या नीट करताना इंट्रो (बातमीची सुरुवात), मथळा, आकड्यांची खातरजमा सगळं हाताखालून जातं. एसटीनं येऊन-जाऊन करता येईल, पण पान छपाईला सुटेपर्यंत थांबायचं झालं तर रात्र होते. तेव्हा दुपारची पाळी मागावी किंवा नातेवाइकांकडे राहावं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण ही काळजी असणारच. प्राचार्यांचं पत्र न्यावं. नव्या शैक्षणिक धोरणात अशा प्रत्यक्ष कामाला श्रेयांक आहेत, तेव्हा ही इंटर्नशिप त्यात धरता येईल का, तेही कॉलेजात विचारून घ्यावं.

संपादकांकडे रिकाम्या हातानं मात्र जाऊ नये. सुट्टीला अजून वेळ असेल तर बार्शीतच तीन बातम्या लिहून काढाव्यात. बाजार समितीत तुरीची आवक आणि भाव महिनाभर टिपावेत, हमाल-अडत्यांशी बोलावं. मराठवाड्यातून कॅन्सरच्या उपचारांसाठी बार्शीत येणाऱ्यांचे नातेवाईक कुठं राहतात, काय खातात, ते पाहावं. तिसरी बातमी माहितीच्या अधिकारातून : दहा रुपये शुल्क, एकच विषय, दीडशे शब्दांत अर्ज. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते, म्हणून तो आजच टाकावा. उत्तर उडवाउडवीचं आलं तर अपील कसं करतात तेही कळेल. आणि मराठी टायपिंग! मोबाइलवर अंगठ्यानं नव्हे, संगणकावर युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळफलकावर. डेस्कवर हे येणारं पोर दुसऱ्याच दिवसापासून उपयोगी पडतं.

पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाची घाई नको. बी.ए. झाल्यावर पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, सोलापूर विद्यापीठातला जनसंवाद विभाग आहे, अमरावतीला आयआयएमसीच्या (भारतीय जनसंचार संस्था) केंद्रात मराठी पत्रकारितेची पदविका आहे. मुंबईची वाहिनी त्या काळात करावी. तेव्हा मोबाइलवर शूट-एडिट येत असेल, हातात कात्रणं असतील आणि मानधन किती, हे विचारायची हिंमतही.

आता बी.एड. पत्रकारितेत सुरुवातीचा पगार तुमच्या पहिल्या पगारापेक्षाही तुटपुंजा वाटेल असा असू शकतो, नोकरी बहुधा कराराची असते, काही ठिकाणी पगार वेळेवर होत नाही. हे तिला तुम्हीच स्पष्ट सांगा. बी.एड. दोन-तीन वर्षांनीही करता येतं. या तीन बातम्या लिहिताना ती कंटाळली, तर मीच तुम्हाला फॉर्म भरा म्हणेन.

पहिली बातमी लिहून झाली की मला पाठवायला सांगा. तीनशे शब्द, जास्त नको. लाल शाईनं भरून परत येईल, तेव्हा घरी रडारड झाली तर तुम्ही मध्ये पडू नका.