कार्पल टनेल: पट्टा, इंजेक्शन की ऑपरेशन? फरक मोजायचा कसा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तासगावला घरची द्राक्षबाग, आईंच्या उजव्या हाताला चार महिने मुंग्या, रात्री दोन-तीनदा जाग, नर्व्ह टेस्टमध्ये (नसेतून संदेश किती वेगाने जातो त्याची तपासणी) 'मध्यम' कार्पल टनेल, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात हाताची नस दबणं. एक डॉक्टर मनगटाचा पट्टा सांगतात, दुसरे स्टिरॉइडचं इंजेक्शन, नातेवाईक म्हणतात ऑपरेशन करून मोकळे व्हा.

आधी अंगठा बघा. दोन्ही तळवे शेजारी धरून अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा ताडून पाहा. उजवा बसल्यासारखा दिसत असेल, किंवा बधिरपणा येऊन-जाऊन नसून दिवसभर असेल, तर पट्ट्यात वेळ घालवू नका, हाताच्या सर्जनला दाखवा. अशा वेळी दुखणं कमी झालं म्हणजे बरं वाटलं असं धरू नका. नस मरत चालली की दुखणंही कमी होतं. करंगळीही बधिर होत असेल तर मात्र नस दुसरी असू शकते, मानही तपासून घ्या.

हे काही नसेल तर पट्ट्यापासून सुरुवात योग्य. पण मेडिकलमधला तयार पट्टा बहुतेक वेळा मनगट मागे वाकवून धरतो आणि बोगद्यातला दाब तसाच राहतो. आतली ॲल्युमिनियमची पट्टी काढा, टेबलाच्या कडेवर दाबून सरळ करा, परत घाला. हात आणि पंजा एका रेषेत हवा, बोटं मोकळी, पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं. रोज रात्री, निदान ६ आठवडे. चार दिवस घालून 'गुण नाही' म्हणणं हीच इथली नेहमीची चूक.

आता तुलना. कोणता उपाय सरस, हे कधी मोजलं यावर फार अवलंबून असतं. ब्रिटनमधल्या २०१८च्या चाचणीत ६ आठवड्यांनी स्टिरॉइडचं इंजेक्शन रात्रीच्या पट्ट्यापेक्षा सरस होतं, ६ महिन्यांनी दोन्ही सारखे. नेदरलँडमध्ये २००२ साली पट्टा आणि ऑपरेशन समोरासमोर ठेवले: ३ महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांपैकी ८० टक्क्यांना गुण, पट्टावाल्यांपैकी ५४ टक्क्यांना. १८ महिन्यांनी ९० विरुद्ध ७५. पण तोवर पट्टावाल्यांतल्या ४१ टक्के लोकांनी ऑपरेशन करून घेतलं होतं, म्हणून ते ७५ एकट्या पट्ट्याचे नव्हेत. पट्ट्याने भागलं नव्हतं अशा स्वीडनमधल्या रुग्णांना ८० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं, तर १० आठवड्यांना छान आराम, तरी वर्षभरात ७३ टक्के ऑपरेशनला गेले. खोटं, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन घेतलेल्यांत ९२ टक्के.

घरी मोजायला एक वही पुरे. उपचाराच्या आधीचा एक आठवडा न चुकता लिहा, नाहीतर पुढे ताडायचं कशाशी? रोज सकाळी: रात्री किती वेळा जाग आली, हात किती वेळा झटकावा लागला. आठवड्यातून एकदा: ब्लाउजची बटणं लावायला किती सेकंद. कार्पल टनेल मोजायची बोस्टन नावाची प्रश्नावली आहे, तीत त्रासाचे ११ आणि कामाचे ८ प्रश्न असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. त्रासाची सरासरी साधारण १ने उतरली तर तो खरा फरक. एका वेळी एकच उपाय बदला. आणि त्या दिवशी छाटणीची कात्री किती तास चालली तेही लिहा. छाटणी संपता संपता पट्टा सुरू केला तर विश्रांतीचं श्रेय पट्ट्याला जातं!

नर्व्ह टेस्ट दर महिन्याला करू नका. त्रास गेला तरी टेस्टचे आकडे सुधारायला वेळ लागतो. हात गार असला तर नस उगाच मंद दिसते, थंडीत गेलात तर आधी हात गरम करायला सांगा.

आईंना साखर असेल तर इंजेक्शननंतर आठवडाभर ती तपासत राहा, चढते. बी-६ व्हिटॅमिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या नकोत, उलट नसेलाच अपाय होतो.

ऑपरेशन ठरलंच तर तारीख बागेकडे बघून घ्या. रात्रीचा त्रास बहुधा काही दिवसांतच जातो, टाके १० ते १४ दिवसांत निघतात. पण पकड सुरुवातीला घटते आणि तळव्याच्या बुडाचं दुखणं ३ महिनेही रेंगाळतं. एप्रिलची खरड छाटणी उरकून मे-जूनमध्ये केलं, तर ऑक्टोबरच्या फळछाटणीला हात तयार असतो.