पबच्या भिंतीवर कसलं प्रमाणपत्र लावलं होतं?

(मागच्या अंकात मी इंग्लंडमधल्या पबांबद्दल दोन पानं लिहिली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेते. नव्या वाचकांसाठी: मी शेफील्डला राहते, इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले आहे आणि 'कॅम्रा' या बिअरप्रेमींच्या संस्थेच्या इथल्या शाखेत काम करते. नवरा पीत नाही. तो सोबत येतो आणि शब्दकोडं सोडवतो.)

ताई, मुलगा आम्हाला एका साध्याशा पबमध्ये घेऊन गेला. गालिचा विटलेला, टीव्ही नाही, खायला शेंगदाणे आणि 'पोर्क पाय' (डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री). पण भिंतीवर 'पब ऑफ द इयर'चं प्रमाणपत्र! समोरच्या चकाचक पबला ते का नाही? हे देतं कोण, आणि पैसे भरून मिळतं का?
— निवृत्त मुख्याध्यापक, नाशिक

सर, पैसे भरून मिळत नाही. आधी तेवढं स्पष्ट करते, कारण जवळजवळ प्रत्येक पत्रात ही शंका आहे.

ते देते कॅम्रा. १९७१ साली चार इंग्रज तरुण आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, केरी परगण्यात, सुट्टीवर गेले होते. तिथल्या एका बारमध्ये बसून त्यांनी ही चळवळ काढली. तेव्हा ब्रिटनमधले मोठे बिअर-कारखाने जुनी पिंपातली बिअर बंद करत चालले होते. तिच्या जागी गाळलेली, पाश्चराइज केलेली, गॅस भरलेली बिअर येत होती, कारण ती पाठवायला सोपी आणि टिकाऊ. या चौघांना ते पटलं नाही. आज संस्थेचे लाखाहून जास्त सभासद आहेत, दोनशेच्या वर शाखा आहेत, आणि शाखांमधलं काम सगळं बिनपगारी.

निवड अशी होते. सभासद वर्षभर आपापल्या पैशांनी पितात आणि प्रत्येक वेळी बिअरला ० ते ५ गुण देतात, अर्धा गुणही चालतो. पबवाल्याला सांगायचं नाही. ३ म्हणजे चांगली, ४ म्हणजे खूप चांगली. ५ द्यायला हात धजावत नाही. मी प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेली बाई, मला '१०० टक्के' लिहिण्याची सवयच नाही. या गुणांवरून शाखा काही पब निवडते, मग ते पुन्हा पाहायला माणसं जातात आणि मतदान होतं. तपशील शाखेशाखेत थोडा वेगळा. या फेऱ्यांसाठी गाडी कोणी काढत नाही. कित्येक शाखांमध्ये तर सार्वजनिक वाहतुकीसाठी एक स्वतंत्र पदाधिकारी असतो. बसचं वेळापत्रक तोंडपाठ असलेला हा माणूस शाखेत अध्यक्षाहून जास्त लोकप्रिय असतो.

आता समोरच्या चकाचक पबचं. सजावट, स्वच्छता, स्वागत, गावाशी असलेलं नातं हे सगळं पाहतातच. पण पहिलं पाहतात ते ग्लासातलं. आणि ग्लासात जे येतं ते तळघरात ठरतं. पिंपातली बिअर जिवंत असते: त्यात यीस्ट असतं आणि कारखान्यातून निघाल्यावरही ती पिंपातच मुरत राहते. पिंप आलं की ते आडवं, न हलणाऱ्या चौकटीवर ठेवायचं. वरच्या भोकात लाकडी खुंटी ठोकून जास्तीचा वायू हळूहळू सोडायचा. यीस्ट तळाशी बसू द्यायचं. विरजण लावलेलं भांडं आपण हलवत नाही, तसंच. मग तोटी ठोकायची, पुन्हा थांबायचं, चव घ्यायची. घाई केली तर गढूळ, उशीर केला तर मेलेली. तुमचा तो विटक्या गालिच्याचा पब हे नीट करतो, एवढाच त्या प्रमाणपत्राचा अर्थ.

रोख बक्षीस नसतं. फ्रेम देतात, फोटो काढतात, त्या संध्याकाळी गर्दी होते.

तुम्ही म्हणता म्हणून लंडनला ती 'रिअल एल', म्हणजे तुमची पिंपातली जिवंत बिअर, प्यायलो. कोमट आणि बुडबुडे मेलेली. याला बक्षीसं देतात?
— एक नाराज वाचक, ठाणे

कोमट नव्हे हो, ११ ते १३ अंश. लागर (आपल्याकडे मिळते तशी फिकट, थंड प्यायची बिअर) त्याच्या निम्म्याहून थंड देतात, आणि इतक्या थंडीत जीभ बधिर होते, म्हणून बरीचशी सामान्य लागर खपून जाते. फेसाचं म्हणाल तर वरून कार्बन डायऑक्साइड भरायचा नाही हाच रिअल एलचा मूळ नियम. जो वायू असतो तो तिचा स्वतःचा. तो जिभेला हलकासा टोचायला हवा. अजिबात टोचत नसेल, तर मात्र तुमची तक्रार बरोबर आहे आणि ते पिंप फार दिवस उघडं होतं.

इथे एक हिशेब सांगते, तो कुठल्याही पबमध्ये उपयोगी पडेल. नेहमीचं पिंप ९ गॅलनचं, म्हणजे ७२ पिंट (पिंट म्हणजे अर्ध्या लिटरहून जरा मोठा ग्लास). तोटी लागली की आत हवा शिरते आणि साधारण तीन दिवसांत ते संपायला हवं. काउंटरवर दहा हँडपंप (तळघरातल्या पिंपातली बिअर हाताने वर ओढायचे दांडे, प्रत्येक पिंपाला एक) असतील तर तीन दिवसांत ७२० पिंट खपल्या पाहिजेत, म्हणजे रोज २४०. आता मागे वळून पाहा, पबमध्ये माणसं किती? मंगळवारी दुपारी सहा जण पेंगत बसले असतील आणि हँडपंप दहा असतील, तर मी बाटलीतलं काहीतरी मागवते. दोन हँडपंप आणि भरलेलं दुकान, हे मला कधीही चालेल. नवीन सभासद पंप मोजतात आणि भारावून जातात. जुने सभासद गिऱ्हाइकं मोजतात.

आंबट, व्हिनेगरसारखी लागली तर ग्लास काउंटरवर परत न्या आणि हळू आवाजात सांगा. चांगला पबवाला वाद घालत नाही, ती चाखतो, बदलून देतो आणि पंपावरची पाटी उलटी फिरवतो. ती बिअर बंद असल्याची ती खूण. पहिली काही वर्षं मी मात्र मुकाट पीत असे. एका पबमध्ये तर मी तोंड उघडायच्या आत 'लागर त्या बाजूला आहे' असं मला सांगण्यात आलं होतं. साडी नेसलेली बाई बिटर (पिंपातली कडवट इंग्रजी बिअर) मागेल असं त्या माणसाला वाटलं नसावं. मी त्याला दीड गुण दिला, पण तो बिअरमुळे.

पुढच्या वर्षी जाणार आहोत. सगळ्यात उत्तम पब कुठला ते एकदाच सांगा.
— दांपत्य, कोल्हापूर

राष्ट्रीय विजेत्यांपैकी तीन सांगते. बर्कशरमधल्या ॲल्डवर्थ गावचा 'द बेल': अडीचशेहून जास्त वर्षं एकाच घराण्याकडे, २०१९चा मान. यॉर्कशरच्या हड्सवेलचा 'जॉर्ज अँड ड्रॅगन': २००८ला बंद पडला, गावकऱ्यांनी वर्गणी काढून विकत घेतला, २०१०ला उघडला आणि २०१६ला देशात पहिला आला. आणि टॅमवर्थचा 'टॅमवर्थ टॅप', २०२२ आणि २०२३ लागोपाठ. आमच्या शेफील्डच्या 'केलम आयलंड टॅव्हर्न'नेही हे २००८ आणि २००९ला केलं होतं, पण मी इथली, म्हणून तो तीनांत धरला नाही.

तरी माझं ऐकाल तर राष्ट्रीय यादीच्या मागे जाऊ नका. शाखेतून विजेता प्रदेशात जातो, तिथून वर, शेवटी चार उरतात आणि त्यांतला एक निवडतात. वरच्या पायरीवरचे परीक्षक मोजक्या वेळा येतात. शाखेची माणसं त्याच पबमध्ये जानेवारीतल्या सोमवारीही बसलेली असतात आणि जुलैच्या उकाड्यातही, जेव्हा तळघर थंड ठेवणं खरं अवघड. म्हणून फ्रेमवर 'राष्ट्रीय' पेक्षा शाखेचं नाव आणि अलीकडचं साल दिसलं की मी निश्चिंत बसते. साल मात्र पाहाच. मालक बदलतो, फ्रेम भिंतीवर तशीच राहते.

(शाखांमध्ये पिकलेल्या केसांचे पुरुष जास्त, त्यामुळे आवडीनिवडीही त्यांच्याच. हे दुखणं खरं आहे.)

सून म्हणते सायडर म्हणजे सफरचंदाचा रस. मग त्याला वेगळं बक्षीस कशाला? आणि मी घेऊ का?
— आजी, सातारा

आजी, रसच, पण आंबवलेला. ६ टक्के अल्कोहोल सहज असतं, बिटरच्या दीडपट. गोड लागतो, म्हणून पटकन पोटात जातो आणि खुर्चीतून उठताना कळतं. अर्धी पिंट घ्या, सुनेलाही तेवढीच द्या. औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

बक्षीस वेगळं, कारण ब्रिटनच्या कायद्यात ३५ टक्के रस असला तरी त्याला सायडर म्हणता येतं; उरलेलं पाणी, साखर वगैरे. हेरफर्डशर, सॉमरसेटकडे अजूनही निव्वळ रसाचा सायडर करतात. त्यासाठीची सफरचंदं वेगळी, 'किंग्स्टन ब्लॅक', 'डॅबिनेट' अशी. ती नुसती खाल्ली तर तुरटपणाने तोंड आवळून येतं. नाशपातीचा केला तर ती पेरी. असा माल शोधून आणणारे आणि नीट ठेवणारे पब थोडे, म्हणून शाखा त्यांचा वर्षाचा वेगळा मान ठेवते. हा सायडर बहुधा खोक्यातल्या पिशवीतून येतो. पाहून नाक मुरडू नका: पिशवी रिकामी होताना आकसते, आत हवा जात नाही, आणि तो पिंपातल्या बिअरपेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकतो.

माझ्या भाच्याने बर्मिंगहॅमजवळ वेस्ट ब्रॉमिचला 'देसी पब' (आपल्या लोकांनी चालवलेला, आपलं खाणं देणारा पब) चालवायला घेतलाय. मिक्स्ड ग्रिल (भाजलेल्या मांसाचं ताट) जोरात चालतं, बिअर सगळी लागर. त्याला हे प्रमाणपत्र मिळू शकेल का?
— मामा, पुणे

मिळू शकेल, पण ग्रिलवर नाही. त्या भागातल्या पंजाबी मंडळींनी बंद पडत चाललेले किती पब जगवले हे शाखेच्या लोकांना चांगलं ठाऊक आहे, आणि 'गावाशी नातं' या सदरात तुमचा भाचा भक्कम असणार. अडचण पहिल्या सदराची, म्हणजे ग्लासातल्या बिअरची.

त्याला आधी करारनामा वाचायला सांगा. पब एखाद्या कंपनीकडून भाड्याने असेल तर बहुतेक वेळा बिअर त्यांच्याच यादीतून घ्यावी लागते. यादीत पिंपातली बिअर असतेच, भाव जरा चढा. त्यातून एकच घ्यावी. तो 'ब्लॅक कंट्री'चा भाग आहे, तिथे 'माइल्ड' नावाची काळसर, सौम्य बिअर अजून आवडीने पितात, आणि ती तिखट खाण्याबरोबर फार छान जाते. इथले लोक हे मान्य करायला वेळ लावतात, ते सोडा. पिंप लहान, साडेचार गॅलनचं मागवावं. ३६ पिंट तीन दिवसांत खपवणं त्याला जमेल. नळ्या आठवड्याला धुवायच्या. तळघरात कांद्याची पोती ठेवायची नाहीत.

दोनेक महिने बिअर नीट जमली की शाखेच्या पब्ज ऑफिसरला (पबांचं काम पाहणाऱ्या पदाधिकाऱ्याला) एका ओळीचा निरोप पाठवावा: हँडपंप बसवलाय. फुकट पिंटचं आमंत्रण देऊ नये, त्याने उलटाच परिणाम होतो. लोक आपणहून येतील, गुण देतील, काही न बोलता जातील. आणि पहिल्या उन्हाळ्यात त्याला दुसरा हँडपंप घ्यायची हुक्की आली, तर मामा या नात्याने त्याला अडवा.