जुन्या हार्ड डिस्कमधल्या फाईल्स नवीन डिस्कवर घेताना कॉपी मध्येच अडकते, काय करू?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या जुन्या डेस्कटॉपमधली ५०० जीबीची डिस्क आहे, त्यात गावच्या उत्सवातल्या नाटकांचं शूटिंग, त्यांनी टाईप केलेल्या संहिता आणि घरचे फोटो आहेत, आणि सगळं सिलेक्ट करून नवीन १ टीबीच्या पोर्टेबलवर कॉपी मारलं की थोड्या वेळाने तिथेच अडकतं. मी फोंड्यात हेच काम करतो. पहिलं म्हणजे ते सगळं सिलेक्ट करणं बंद करा. जुनी डिस्क अजून किती तास चालेल ते कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे ते तास विंडोजच्या फाईल्स, जुने सेटअप आणि डाऊनलोड केलेले सिनेमे कॉपी करण्यात घालवू नका. जे परत कुठेच मिळणार नाही ते आधी, आणि त्यातही लहान ते आधी. म्हणजे आधी संहिता, मग फोटो, मग नाटकं. संहितांचं फोल्डर अख्खं मिळून काही एमबी असेल, मिनिटभरात होतं, पण तेच शेवटी ठेवलंत आणि डिस्क मध्येच बंद पडली तर वडिलांची सगळी मेहनत गेली.

संहिता घेताना एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात, फॉन्ट. त्या काळात मराठी टायपिंग युनिकोडमध्ये, म्हणजे आता कुठल्याही मशीनवर वाचता येतं त्या पद्धतीत, फार कमी व्हायचं, श्रीलिपी नाहीतर डीव्हीबी-टीटीवाले फॉन्ट असायचे, आणि तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. लोकांना वाटतं फाईल खराब झाली, तिला काही झालेलं नसतं. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधलं फॉन्ट्सचं फोल्डर पण नक्की घ्या, संहितांच्या बरोबरीने, नंतर नको. फॉन्ट हाताशी असला की फॉन्ट बदलणारं कन्व्हर्टर सॉफ्टवेअर वापरून युनिकोड सावकाश करता येतं. डिस्क एक्सपीची असेल तर डेस्कटॉपवरचं सगळं 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' मध्ये वडिलांच्या युजरनेमखाली सापडेल, लोक ते सी ड्राईव्हमध्ये बघतच नाहीत.

आता जोडणी. साधी डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क असेल तर तिला १२ व्होल्ट लागतात, नुसत्या यूएसबीवर ती चालणार नाही, डिस्क यूएसबीला जोडणारा, वेगळा पॉवर अडॅप्टर असलेलाच कन्व्हर्टर घ्या. मागे चपटी रुंद केबल लागत असेल तर आयडीई, बारीक एल आकाराची असेल तर साटा, दुकानात तसं सांगा. आपल्याकडच्या हवेत बंद खोलीत पडून राहिलेल्या डिस्कच्या पिनांवर गंज धरतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने हलक्या हाताने साफ करा आणि केबल नवीन वापरा, कधीकधी अडकण्याचं कारण तेवढंच असतं. आणि हे काम पावसाळ्यात करत असाल तर तो अडॅप्टर इन्व्हर्टरवर लावा. लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालेल पण डिस्क मध्येच बंद पडेल, म्हाताऱ्या डिस्कला ते झेपत नाही.

कॉपी सुरू करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बघा. रिअलोकेटेड सेक्टर किंवा करंट पेंडिंग सेक्टरवर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा तुकडा, हे आकडे खराब तुकड्यांचे) पिवळं आलं तर समजा घाई आहे. मग विंडोजने रिपेअर करू का विचारलं तरी नाही म्हणा, फॉरमॅट करू का विचारलं तर अजिबात नाही. विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क पण नको, दुरुस्ती करताना ते जुन्या डिस्कवरच लिहितं. कट-पेस्ट पण नको, नेहमी कॉपी.

अडकतं त्याचं कारण बहुधा एखादा खराब सेक्टर, डिस्क तोच तोच परत वाचायला बघते आणि बाकीचं सगळं मागे थांबतं. त्यासाठी विंडोजमध्येच रोबोकॉपी ही कमांड टाईप करून चालवायची कॉपीची सोय आहे, पण त्यात एक खोच आहे, न सांगता चालवलंत तर ते एका फाईलसाठी १० लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. म्हणून कमांडच्या शेवटी /R:1 (किती वेळा प्रयत्न) आणि /W:1 (किती सेकंद थांबायचं) हे दोन स्विच द्या, म्हणजे खराब फाईल सोडून पुढे जाईल, आणि लॉग ठेवा म्हणजे काय राहिलं ते कळेल. डिस्क फारच खराब असेल तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे खराब डिस्क वाचायचं सॉफ्टवेअर वापरा, ते आधी चांगला भाग उचलतं आणि खराब भागाकडे शेवटी वळतं, फक्त कुठली डिस्क जुनी आणि कुठली नवीन ते दोनदा बघून मगच एंटर मारा, उलटं झालं तर सगळं पुसलं जाईल. टकटक असा ठरावीक आवाज येत असेल तर मात्र ह्यातलं काहीच करू नका, लगेच बंद करा आणि रिकव्हरीवाल्याकडे द्या. फ्रीझरमध्ये ठेवा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, इथल्या दमट हवेत बाहेर काढल्यावर आत पाणी धरेल.

नाटकांच्या फाईल्सचं वेगळं. टेपच्या हँडीकॅमवरून घेतलेलं शूटिंग असेल तर तासाला साधारण १३ जीबी होतं, तीन तासांचं नाटक ४० च्या आसपास. नवीन ड्राईव्हचा फॉरमॅट (ड्राईव्हवर फाईल्स मांडायची पद्धत) फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल जाणारच नाही, आधीच एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या, तिच्यावर काही ठेवायच्या आधी. जुन्या यूएसबी २ पोर्टवर अख्खी डिस्क घ्यायला पाच तास तरी धरा, लॅपटॉपची स्लीप बंद ठेवा आणि डिस्क टेबलावर आडवी ठेवा, चालू असताना हलवू नका.

झाल्यावर फाईल्सचे नुसते आकडे जुळवून थांबू नका, फ्रीफाईलसिंक ह्या सॉफ्टवेअरमध्ये कंटेंटने, म्हणजे फाईलच्या आतला मजकूर जुळवून, कंपेअर करा, आणि प्रत्येक नाटक सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी थोडं चालवून बघा. ते सगळं नीट दिसलं की ह्या पोर्टेबलवरून अजून एक कॉपी काढून दुसऱ्या घरी ठेवा, भावाकडे, बहिणीकडे, कुठेही, आणि तोपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट करू नका.