हाताला वळण लागतं म्हणजे काय होतं?

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी ज्वारीची भाकरी शिकते आहे. महिनाभर आजीजवळ बसून बघते, पण तिची भाकरी कडेला चिरते, नाहीतर मध्ये फाटते. आजींना विचारलं तर "हाताला कळतं गं" एवढंच म्हणतात. कुठं चुकतंय?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आजींना ते खरोखरच शब्दांत सांगता येत नाही. घडलेल्या गोष्टींची आठवण आणि हाताचं कसब मेंदू वेगवेगळ्या ठिकाणी सांभाळतो. १९५३ साली अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झालेल्या एका रुग्णाची नवी आठवण साठवण्याची ताकदच गेली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याच्या चुका भराभर कमी झाल्या, पण हे काम आपण आधी केलंय हे त्याला एकदाही आठवलं नाही. म्हणजे हात शिकला होता, आठवणीत मात्र काहीच नव्हतं.

बघून मुलीला क्रम कळला असेल. थाप किती जोराची द्यायची, हे मात्र तिचा हात पिठाला लागल्याशिवाय मेंदूला कळणार नाही. हुकूम निघतो तो कपाळामागच्या भागाच्या मागच्या कडेला असलेल्या प्रेरक पट्ट्यातून. त्या पट्ट्यात हात आणि चेहरा यांनी भली मोठी जागा अडवली आहे. पाठीच्या वाट्याला त्यामानाने फार थोडी येते. तिथून निघालेले बहुतेक तंतू मानेच्या वर बाजू बदलतात, त्यामुळे उजवा हात डावा मेंदू चालवतो. त्याच वेळी मागच्या बाजूचा लहान मेंदू 'काय व्हायला हवं होतं' आणि 'काय झालं' याचा ताळा घेतो आणि पुढची थाप दुरुस्त करतो. डोळ्यांनी बघून हात सुधारायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. आजींच्या थापा त्याहून भराभर पडतात, म्हणून त्यांच्या मेंदूनं चार-पाच थापांचा एकच गठ्ठा बांधून ठेवलाय. मुलीची प्रत्येक थाप अजून सुटी आहे.

आधी पीठ तपासा. दळून बरेच दिवस झाले असतील आणि विरी, म्हणजे पिठाचा धरून राहण्याचा गुण, गेली असेल, तर जाणत्या हाताचीही भाकरी तुटते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच गोळा धरून ठेवतो. शिकताना दर वेळी पीठ, पाणी आणि परात तीच ठेवा. पीठ रोज बदललं तर चूक हाताची की पिठाची, हे लहान मेंदूला कळणारच नाही.

मग तव्याशिवाय सराव. एकच गोळा थापायचा, मोडायचा, ओल्या हातानं पुन्हा मळायचा, पुन्हा थापायचा. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे. रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा हे चांगलं, कारण मधल्या झोपेत मेंदू शिकलेलं पक्कं करतो. कड चिरली तर गोळा कोरडा आहे किंवा मळणं कमी पडलंय. मध्ये फाटली तर बोटांची टोकं दाबली जाताहेत; थाप सपाट पडू द्या. भाकरी फिरतच नसेल तर खाली पीठ कमी आहे. आणि आजींनी 'मनगट वळव, बोट उचल' असं सांगू नये. 'कड पातळ कर' म्हणावं. लक्ष हातावर गेलं की हात अडखळतो, भाकरीवर राहिलं की मोकळा चालतो.

प्रश्न : शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासात कौशल्यांचे इतके प्रकार आहेत की गोंधळ होतो. पाठ करण्यापलीकडे त्यांचा उपयोग काय?
– एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : सराव कसा घ्यायचा, हे प्रकारावरून ठरतं. तीन प्रश्न विचारा. मोठे स्नायू की बारीक? धावणं स्थूल, सुईत दोरा ओवणं सूक्ष्म. हालचालीला ठळक सुरुवात-शेवट आहे का? चेंडू फेकणं सुटं, भाकरी करणं साखळीचं, पोहणं अखंड. परिस्थिती स्थिर की बदलती? गोळाफेक बंद, कबड्डीतली चढाई उघडी. बंद कौशल्य एकाच पद्धतीनं घोटायचं. उघड्यात बचावपटू, अंतर आणि वेग सतत बदलत ठेवायचे. हे कप्पे मात्र पक्के नाहीत. खो-खोतला खांबावरचा सूर एकट्यानं मारला तर बंदाकडे झुकतो, समोर पळणारा आला की उघड्याकडे.

प्रश्न : आई तीस वर्षं विड्या वळते. आता मांडीवर ठेवलेला उजवा हात थरथरतो, कप उचलला की थांबतो. हजार विड्यांना पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो. वय झालं म्हणायचं का?
– एक वाचक, विडी घरकुल

उत्तर : वयावर ढकलू नका. विसाव्यात थरथरणारा आणि काम करताना थांबणारा हात, एकाच बाजूची सुरुवात आणि मंदावलेली हालचाल हे पार्किन्सन या मेंदूच्या आजारात दिसतं. मेंदूरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यात डोपामाइन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी झडतात आणि बेसल गँग्लिया हा मेंदूच्या आतला भाग अडखळतो. न बघता होणारी, अंगवळणी पडलेली कामं तोच पुढे सरकवत असतो. म्हणून पान भरणं, वळणं, तोंड दुमडणं, दोरा गुंडाळणं हे आईंच्या हातून आता आपोआप होत नाही. एकेक टप्पा मनात म्हणत केला तर बरेचदा जमतं, कारण तेव्हा मेंदू लक्ष देऊन चालणारी दुसरी वाट वापरतो.

डॉक्टरांकडे जाताना हात मांडीवर असतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ न्या. सही करत असतील तर जुनी आणि आताची सही न्या, कारण अक्षर बारीक होत जाणं ही खूण असते. चालू असलेल्या सगळ्या गोळ्याही दाखवा. उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड आणि काही मानसिक आजारांवरची औषधं अगदी अशीच लक्षणं आणतात. मात्र स्वतःहून गोळी बंद करू नका. लेव्होडोपा हे पार्किन्सनवरचं औषध सुरू झालं तर ते जेवणाच्या किती आधी घ्यायचं हे विचारून घ्या, कारण डाळ-अंड्यातली प्रथिनं त्याचं शोषण अडवतात.

एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोबडी वळली, तर तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तेव्हा मालीश करत बसू नका, लगेच सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते सांगा.