करार संपला, तरी वर्षभर दुसरीकडे खेळायचं नाही?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातला, २४ वर्षांचा कबड्डीपटू. चढाई करतो. एका लीगमधल्या संघाशी माझा दोन हंगामांचा करार होता, तो मार्चमध्ये संपला. दुसऱ्या हंगामाचं निम्मं मानधन अजून थकलंय. आता दुसऱ्या लीगकडून बोलावणं आलंय, तर संघवाले करारातलं कलम दाखवतात : वर्षभर इतरत्र खेळलास तर दहा लाख दंड. काय करू?

उत्तर : तुमचा करार वाचला. अठरा पानं, आणि पैसे कधी द्यायचे याला त्यात जेमतेम दीड ओळ!

वर्षभराच्या बंदीला घाबरू नका. करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे, कोणाला आपला धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारी अट तेवढ्यापुरती रद्दबातल असते. मुदत चालू असताना ‘दुसरीकडे खेळू नको’ म्हणता येतं. मुदत संपल्यावर नाही. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचं प्रकरण घ्या. व्यवस्थापन कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार २००३ मध्ये संपला. नंतरही नवा प्रस्ताव आधी आम्हाला दाखव, असा कंपनीचा आग्रह होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तिला मिळालेला मनाईहुकूम उठवला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. तिथे लीग नव्हती, पण तत्त्व तुम्हाला लागू पडतं. अटच रद्द, तर दंड कसला?

धोका दुसरीकडे आहे. नव्या लीगला कबड्डी संघटनेची मान्यता आहे का, हे आधी विचारा. मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळल्यास होणाऱ्या कारवाईविरुद्ध धनराज पिल्ले आणि इतर हॉकीपटू स्पर्धा आयोगाकडे (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा) गेले होते. २०१३ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला. संघटनेने निलंबित केलं, तर कलम २७ दाखवून लगेच मैदानात उतरता येणार नाही.

थकबाकीसाठी वकिलामार्फत नोटीस द्या. पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. तुमच्या करारात लवाद, म्हणजे न्यायालयाबाहेर वाद सोडवणारा पंच, संघाच्या संचालकांनीच नेमायचा आहे; सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर असा एकतर्फी लवाद चालत नाही. तुम्ही उच्च न्यायालयाकडून तटस्थ लवाद मागू शकता. मॅनेजरचे ‘पुढच्या आठवड्यात टाकतो’ हे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका.

आणि संघ ‘ना हरकत’ पत्र द्यायला तयार झालाच, तर शेवटची ओळ वाचा. ‘खेळाडूचे काही येणे बाकी नाही’ असं तिथे असेल, तर सही करू नका.